वंगण कुणाला, पकड कुणाला?

रेडिओच्या लहरींवर चालणारा खेळण्यातला ट्रक आता खेड्यांतल्या मुलांच्या हातीही दिसतो. चार दिवसांत त्याचे एखादे चाक डुगडुगू लागते आणि 'मोडला' म्हणून तो माळ्यावर जाऊन पडतो. पण मंडळी, दुखणे नीट ओळखले तर पुष्कळदा तो घरच्या घरी बरा होतो.

त्यासाठी आधी आपली उसाची बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. गाडी बैल ओढतात. आस जागच्या जागी राहतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. तिथे घासणे कमी व्हायला हवे, म्हणून वंगण. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचे नेमके उलटे! तिथे इंजिन आसाला फिरवते आणि आस चाकाला. आसाने चाक घट्ट धरले नाही, तर इंजिनाची सारी शक्ती वाया. खेळण्यातल्या अनेक ट्रकांत ही दोन्ही तऱ्हेची चाके असतात : पुढची बैलगाडीसारखी, मागची ट्रॅक्टरसारखी.

आता तपासणी. प्रथम सेल काढून ठेवा. एका हाताने मागचा आस धरा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. आस न हलता चाक फिरले, तर पकड गेली म्हणून समजा. चांगल्या प्रतीच्या ट्रकात आसावर एक षटकोनी तुकडा असतो आणि चाकाच्या पाठीला तशाच आकाराचा खळगा. खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाच्या ट्रकात हा तुकडा बहुधा १२ मिलिमीटरचा असतो. नट सैल राहिला, की प्लॅस्टिकचे कोपरे झिजून खळगा गोल होतो. मग त्यात चिकटद्रव्य भरून भागत नाही, चाकच बदलावे. तुकडा झिजला असेल, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एखादा लेथवाला कारागीर षटकोनी पितळी सळईतून तसा तुकडा काढून देऊ शकेल.

पुढचे चाक जड फिरत असेल, तर आसाला गुंडाळलेले केस, दोरे, माती काढा आणि वंगणाचा एखादाच थेंब द्या. नट आवळल्यावरही ते मोकळे फिरले पाहिजे. रबर कडेपासून सुटले असेल, तर दोन्ही बाजू पुसून कोरड्या करा आणि मगच चिकटवा. कड तडकली असेल, तर मात्र चाक बदलणेच बरे.

गुरुजींनो, असा नादुरुस्त ट्रक वर्गात आणा आणि मुलांनाच विचारा, "यातल्या कोणत्या चाकाला वंगण हवे आणि कोणत्याला पकड?" उत्तर त्यांना हातांनी शोधू द्या. याच मुलांतली काही उद्या गळीत हंगामात ट्रॅक्टर चालवतील. चाक बदलल्यावर थोडे अंतर जाऊन नट पुन्हा तपासायचे असतात, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले बरे. खेळण्याचा सैल नट फार तर खेळ थांबवतो. भरल्या ट्रॉलीपुढच्या ट्रॅक्टरचा सैल नट रस्त्यावरच्या माणसाचा जीव घेऊ शकतो.