दस्तुरीच्या नाक्यावर अडलेला डबा

माथेरानला जाणारी मोटार दस्तुरीच्या नाक्यावर थांबते. पुढे मोटार जात नाही. गावातल्या हॉटेलांना लागणारी तांदळाची पोती, गॅसचे सिलिंडर, कांदे-बटाटे, हे सारे तिथे टेंपोतून उतरते आणि घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर चढते. तांदळाला त्याचे काही वाटत नाही. कांदाही कुरकुर करीत नाही. पण 'उणे १८ अंशांवर ठेवा' असे ज्याच्या पाकिटावर बजावलेले असते, तो गोठवलेला मटार किंवा पराठा मे महिन्यातल्या दुपारी या नाक्यावर तासभर खोळंबला, तर त्याचे पुढचे आयुष्य देवाच्या हवाली.

या नाक्याची आठवण होण्याचे कारण मात्र डोंगराखालचे आहे. नेरळ, कर्जत, खोपोलीहून रोज मुंबई गाठणाऱ्या नोकरदारांपुढे शहरातल्या मोठ्या दुकानांनी एक नवा पर्याय ठेवला आहे. गोठवलेले 'डाएट' जेवण. मोजक्या उष्मांकांचे, कचेरीतल्या मायक्रोवेव्हमध्ये चार-पाच मिनिटांत वाफाळणारे. दुपारच्या जेवणाला ते न्यावे का? प्रकृतीला ते बरे का?

आधी हा प्रश्न पडतो कोणाला ते पाहू. कर्जतपासून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस शंभर किलोमीटर, लोकलने सुमारे दोन तास. नऊच्या सुमारास कचेरी गाठायची तर साडेसहाच्या आत गाडीत बसायला हवे. म्हणजे डबा साडेपाचला भरलेला, म्हणजे चार-साडेचारला कोणीतरी उठलेले. हे 'कोणीतरी' कोण, ते सांगायला नको. आणि आता अनेक घरांत तीच बाई डबा भरून स्वतःही त्याच गाडीला लटकते. तेव्हा या पाकिटाचे खरे आकर्षण वजन उतरवण्याचे नाही, तासाभराच्या झोपेचे आहे. ते हसण्यावारी नेऊ नये. घरच्या डब्याचे गोडवे गाणारे लेख (ते लिहिणारे बहुधा पुरुषच) पहाटे चारच्या गजराविषयी मौन पाळतात.

हे जेवण मूळचे अमेरिकेतले. क्लॅरेन्स बर्ड्सआय या गृहस्थाने पहिल्या महायुद्धाच्या आसपास लॅब्राडॉरच्या कडाक्याच्या थंडीत पाहिले, की पाण्याबाहेर काढताच गोठलेला मासा महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो. झटकन गोठवले की बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि पेशी फाटत नाहीत. या एका निरीक्षणावर पुढे सारा धंदा उभा राहिला. १९५४ साली स्वॅन्सन कंपनीचे 'टीव्ही डिनर' आले. १९८१ मध्ये तीनशे उष्मांकांच्या आतले 'लीन क्विझीन' आले. १९८५ मध्ये एका बड्या खाद्यकंपनीच्या प्रमुखाला हृदयविकाराचा झटका आला आणि त्या धक्क्यातून १९८९ मध्ये 'हेल्दी चॉइस' या नावाची जेवणे निघाली. आपण जो प्रश्न विचारतो आहोत त्याचे उत्तर कंपनीने नावातच देऊन टाकले होते!

गोठवण्याविषयी आपल्याकडे जी एक सरसकट धास्ती आहे, ती मात्र फारशी खरी नाही. गोठवल्याने अन्न 'मरत' नाही. भाजी आधी उकळत्या पाण्यातून काढतात, त्यात क जीवनसत्त्व थोडे जाते. पण चार दिवस टोपलीत सुकलेल्या भाजीतूनही ते जातच असते. प्रथिने, तंतू, क्षार यांना थंडीची बाधा होत नाही. जंतू त्या थंडीत मरत नाहीत, नुसते झोपतात, हे तेवढे ध्यानात ठेवायचे.

खरी मेख मिठात आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून कामाला निघणारा मजूर भाकरीबरोबर खारवलेली सुकी मासळी नेतो. ती खारट असते, कारण तिथे मीठ राखणदाराचे काम करते. लोणच्याचे तेच, पापडाचे तेच. गोठवलेल्या जेवणात ही राखण थंडीच करते, तिथे मिठाची गरज नाही. तरीही ते असते, आणि भरपूर असते, कारण तेल-तूप आणि साखर काढून घेतल्यावर चवीला उरते कोण? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे २ ग्रॅम सोडियम, एवढीच मर्यादा घालते. अमेरिकेत १९९० च्या दशकात ठरलेल्या नियमाने 'आरोग्यदायी' म्हणवणाऱ्या जेवणालाही ६०० मिलिग्रॅम सोडियमची मुभा होती. दिवसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका छोट्या पेटीत! ज्यांच्यावर असा शिक्का नाही, त्यांचे आकडे याहून बरेच वर जाऊ शकतात. आपल्याकडे पाकिटावर सोडियम छापावे लागते, पण ते १०० ग्रॅममागे दिलेले असते. पेटी ३०० ग्रॅमची असेल तर तिपटीचा गुणाकार आपणच करायचा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने तो गुणाकार दुकानातच करावा.

दुसरी गोष्ट भुकेची. माथेरानच्या चढावर ओझे वाहणारा हमाल आणि फोर्टात खुर्चीवर बसणारा कारकून यांना एकच माप लावता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० उष्मांक लागतात, अंगमेहनत करणाऱ्याला ३४७०. बैठ्या कामाच्या बाईला १६६०. हमालाला तीनशे उष्मांकांची पेटी देणे ही निव्वळ थट्टा होईल. कारकुनाला ती चालेल, पण कुठवर? पहाटे साडेपाचला चहा-बिस्किट, एक वाजता तीनशे उष्मांक, आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास उभ्याने प्रवास. मग कर्जत येते. घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडायची म्हणून मेलगाड्या इथे थांबत आल्या आणि त्या थांब्यावर कर्जतचा बटाटेवडा नावारूपाला आला. दिवसभर अर्धपोटी राहिलेल्या माणसाने फलाटावर उतरल्यावर त्या वासाला पाठ दाखवावी, ही अपेक्षाच क्रूर आहे. दुपारी वाचवलेले उष्मांक तिथे दोन वड्यांत व्याजासकट परत होतात. म्हणून पेटीवरच्या उष्मांकांपेक्षा प्रथिने आणि तंतूंचे आकडे आधी पाहावेत. पोट टिकते ते त्यांच्यावर.

घरचा डबा तरी सोवळा आहे का? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दाखवले. ते सगळे काही पाकिटांवर वाढलेले नाहीत. पांढऱ्या भाताचा ढीग, बटाट्याची भाजी आणि कडेला लोणचे, हा डबाही घरचाच असतो. पेटीचा एक गुण मान्य केला पाहिजे. ती मोजून दिलेली असते. आई किंवा बायको मोजून देत नाही.

आता पुन्हा दस्तुरीच्या नाक्याकडे. पेटी कारखान्यापासून दुकानापर्यंत थंडीत येते. दुकानातून घरच्या फ्रीजरपर्यंतही कशीबशी येते. तिथून पुढे गच्च भरलेली लोकल हा आपला दस्तुरीचा नाका. पहाटे पिशवीत टाकलेली पेटी कचेरी येईपर्यंत घाम फोडते. कचेरीत पोचताच फ्रिजमध्ये गेली तर ठीक. टेबलाखालच्या पिशवीत एक वाजेपर्यंत राहिली, तर झोपलेले जंतू केव्हाच जागे होऊन कामाला लागलेले असतात, आणि मायक्रोवेव्हसमोरच्या रांगेची घाई म्हणून अर्धवट गरम केलेल्या अन्नात ते सुखाने नांदतात. पावसाळ्यात गावाकडची वीज रात्रभर गेली, तर घरच्या फ्रीजरचीही खात्री नाही. एकदा पुरते वितळलेले पुन्हा गोठवू नये. कोरडी पोली-भाजी हा सारा प्रवास निमूट सोसते, कारण ती या प्रवासासाठीच जुळवत आणलेली आहे. रसाची भाजी आणि भात मात्र नाही. शिजलेला भात तासन्‌तास उबेत राहिला की त्यातले जंतू असे विष करून ठेवतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही.

माझे मत विचाराल तर आठवड्यातून एखादे दिवशी, कचेरीत फ्रिज असेल तर, आकडे वाचून, सोबत एक काकडी आणि दह्याची वाटी घेऊन ही पेटी खायला हरकत नाही. रोजची सवय नको. पण तिच्यातली युक्ती घरी उचलण्यासारखी आहे. रविवारी वालाची, मुगाची, चवळीची उसळ मीठ हात राखून एकदम शिजवावी आणि एकेका माणसाच्या मापाने छोट्या डब्यांत गोठवून ठेवावी. वाल तर आपल्या रायगडचाच. सकाळी एक डबी उचलायची, रात्री लाटून ठेवलेल्या दोन पोळ्या घ्यायच्या, कचेरीत पोचल्याबरोबर फ्रिज, एक वाजता वाफ येईतो गरम. रविवारी वाल सोलायला मात्र घरातल्या सगळ्यांनी बसायचे. नाहीतर चारचा गजर नुसता रविवारवर ढकलल्यासारखे होईल.