घर बदलताना (लेखांक ९) : आधी अक्षरं हलवा

आज पार्टिशनचा लेख यायचा होता. हार्ड डिस्कची वाटणी कशी करायची, विंडोजच्या शेजारी लिनक्सला जागा कशी काढून द्यायची, हे लिहून तयारही होतं. पण मधल्या आठवड्यात वर्ध्याला जाऊन आलो आणि तो लेख बाजूला ठेवला. पुढच्या आठवड्यात तो येईल. आजचा विषय त्याच्या आधीचा आहे आणि मी तो आधीच घ्यायला हवा होता.

वर्ध्याच्या एका वाचकांची छोटी जॉब प्रेस आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांचे वार्षिकांक अशी कामं असतात. संगणक तीन, तिन्ही चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणजे ही यंत्रं तिथे बसत नाहीत. त्यांनी लेखमाला पहिल्यापासून वाचली आहे, तिसऱ्या लेखांकात सांगितल्याप्रमाणे लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्हही करून ठेवला आहे. पत्रात प्रश्न एकच होता : ‘मग आता टाकून देऊ का?’

मी हो म्हणणारच होतो. फोनवर सहज विचारलं, की जुन्या फाइली कोणत्या फाँटमधल्या आहेत. ते म्हणाले, ‘बऱ्याचशा कृतिदेव. काही आधीच्या पॅकेजमधल्या, डाँगलवाल्या.’ मी म्हटलं, थांबा, काही पुसू नका. मी येतो.

प्रेसमध्ये बावीस वर्षं सेटिंग करणाऱ्या एक ताई आहेत. त्यांच्या यंत्राला पेन ड्राइव्ह लावला, मिंट सुरू केलं आणि त्यांनाच एका शाळेच्या वार्षिकांकाची फाइल उघडायला सांगितली. लिबरऑफिस उघडलं. पानभर इंग्रजी अक्षरं, अर्थ कशालाच नाही. जिथे ‘मराठी विभाग’ हे शीर्षक हवं होतं तिथे ई, जे, के, मोठा बी, एच. आणि पुढे एफ, ओ, मोठा एच, के, के, एक्स. ताई काही क्षण बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, माझं मॅटर कुठी गेलं?’

मॅटर कुठेच गेलं नव्हतं. फाइलमध्ये ते कायम असंच होतं. विंडोजमध्ये त्यावर कृतिदेवचा मुखवटा होता, इथे तो नव्हता, एवढाच फरक.

ज्यांनी खिळे जुळवलेले पाहिले आहेत त्यांना हे लगेच कळेल. जुळाऱ्याच्या केसमध्ये अक्षरं नसतात, अक्षरांचे तुकडे असतात. अर्धा म, काना, वेलांटी, रफार, प्रत्येकाचा खण वेगळा. जुने मराठी-हिंदी फाँट ही तशीच केस आहे. खण २५६, त्यातले बरेच इंग्रजीच्या वाट्याचे. तिथे इंग्रजी अक्षरं काढून देवनागरीचे तुकडे बसवले. ‘विभाग’ शब्द पुन्हा पाहा. एफच्या खणात ऱ्हस्व वेलांटी, म्हणून ती आधी. ओच्या खणात व. मोठ्या एचच्या खणात अर्धा भ. मग के दोनदा येतो, कारण के म्हणजे उभी दांडी. पहिल्या दांडीने भ पुरा होतो, दुसरी दांडी त्याचा काना. शेवटी एक्स म्हणजे ग. सहा खिळे. संगणकाच्या लेखी तिथे भ नाही, काना नाही, मराठीही नाही. डोळ्यांना दिसतं ते फक्त चित्र.

ज्यांनी ही युक्ती काढली त्यांना मी दोष देणार नाही. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आली ती विंडोज २००० पासून. त्याआधी मराठी छापायची तर दुसरा मार्गच नव्हता. पुण्या-मुंबईपासून तालुक्यापर्यंत सगळा मराठी डीटीपी त्या युक्तीवर उभा राहिला. पण प्रत्येक कंपनीने आपली केस आपल्या पद्धतीने मांडली. एकीच्या म च्या खणात दुसरीचा ट. त्यामुळे फाँट हरवला की मजकूर हरवला.

युनिकोडमध्ये असं नाही. तिथे ‘विभाग’ म्हणजे व, ऱ्हस्व वेलांटी, भ, काना, ग, अशा पाच खुणा, आपण उच्चारतो त्या क्रमाने. वेलांटी व च्या डाव्या बाजूला नेऊन मांडणं हे काम फाँटचं आणि प्रणालीचं. म्हणून युनिकोडमधला मजकूर विंडोजमधून लिनक्सवर, मॅकवर, मोबाइलवर कुठेही न्या, तो मराठीच राहतो. माझं म्हणणं हेच आहे : प्रणाली बदलावी की नाही हे ठरवण्याआधी आपला मजकूर खिळ्यांचा आहे की अक्षरांचा, ते पाहा. मजकूर अक्षरांचा असेल तर कुठल्याही घरात जा. खिळ्यांचा असेल तर आधी तो सोडवा.

वर्ध्याला पुढे काय झालं ते सांगतो. विंडोजमधून कृतिदेवची फाँट फाइल घेऊन मिंटमध्ये बसवली. त्यासाठी तिच्यावर दोनदा क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणावं लागतं, बस. (फाँट विकत घेतलेला असेल तर परवान्याचा कागद आधी वाचा. पॅकेजसोबत आलेले फाँट बऱ्याचदा त्या पॅकेजपुरतेच दिलेले असतात.) फाइल पुन्हा उघडली आणि शीर्षक जागेवर आलं. मालक म्हणाले, ‘झालं की मग!’

ताईंनी खाली नवी ओळ सुरू केली. ‘मराठी’ टाइप करून स्पेस दिली आणि शब्दातला म अर्धा झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लिबरऑफिसला तिथे इंग्रजी दिसत होती, वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करायचं हे त्याचं काम. त्याने लहान ई चा मोठा ई केला. कृतिदेवमध्ये लहान ई म्हणजे म, मोठा ई म्हणजे अर्धा म. कृतिदेवमधल्या श चंही असंच आहे. त्याचा अर्धा भाग सरळ अवतरणचिन्हाच्या खणात आहे. वर्ड असो की लिबरऑफिस, आपोआप दुरुस्ती चालू राहिली आणि तिने ते चिन्ह वळणदार केलं की ‘शाळा’तला श बिघडतो. प्रेसमधल्या वर्डमध्ये ही सोय कोणीतरी कधीच बंद करून ठेवली होती. ताईंनी ती चालू असलेली कधी पाहिलीच नव्हती. नव्या घरात अशी प्रत्येक खिटी पुन्हा शोधावी लागते.

साध्या टेक्स्ट फाइलींचा धोका याहून मोठा आहे. लिनक्स त्या युनिकोड समजून उघडतो. जुन्या फाइलींमधले वरच्या खणांतले तुकडे त्यात बसत नाहीत, तिथे प्रश्नचिन्हं दिसतात. तशीच फाइल कोणी सेव्ह केली तर तो मजकूर गेला. अशी फाइल उघडताना ‘विंडोज-१२५२’ हे एन्कोडिंग सांगावं लागतं, आणि उघडायची ती मूळ फाइलीची नक्कल.

आता रूपांतर. कन्व्हर्टर मिळतात, काही फुकटही आहेत, पण प्रत्येक फाँटघराण्याला त्याचा स्वतःचा कन्व्हर्टर लागतो. म, र, ठ यांत अडचण येत नाही. अडचण येते ती जागा बदलणाऱ्या खुणांची. वेलांटी व्यंजनाच्या मागे न्यायची, हे सोपं. रफार अवघड. जुन्या फाँटमध्ये ‘धर्मांध’ लिहिताना रफार म आणि काना टाकून झाल्यावर यायचा. युनिकोडमध्ये तो र आणि हलन्त म्हणून म च्या आधी बसतो. म्हणजे कन्व्हर्टरला काना ओलांडून, म ओलांडून मागे जावं लागतं. मध्ये जोडाक्षर असेल तर आणखी मागे.

आणि मग आपला खास मराठी प्रश्न, ‘ऱ्य’. यासाठी मी एक अख्खा लेखांक खर्ची घातला असता. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर आठवणी लिहिल्या होत्या, मी त्या जुन्या फाँटमध्ये टाइप केल्या होत्या. पुढे युनिकोडमध्ये आणल्या आणि मोठ्या आनंदाने छापील प्रत त्यांच्या हातात दिली. दोन दिवसांनी ती परत आली, पेन्सिलीच्या गोलांनी भरलेली. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ झाल्या होत्या. आत्याच्या लग्नात जेवण करणाऱ्या ‘आचाऱ्यांना’ वडिलांनी दक्षिणा दिली होती. माझ्या प्रतीत ती ‘आचार्यांना’ मिळाली होती. कन्व्हर्टरने आडव्या र चा रफार करून टाकला होता. मी चाळून पाहिलं होतं, पण डोळा शब्द गृहीत धरतो. वडिलांनी अक्षर न अक्षर वाचलं. ते गोल मी अजून जपून ठेवले आहेत आणि तेव्हापासून रूपांतरित मजकुराचं प्रूफ वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

युनिकोडने यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर दिलं आहे. इन्स्क्रिप्ट की-बोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की ते मिळतं. त्याला हलन्त आणि य जोडा, दऱ्या नीट येतात. ॲ ची गोष्टही अशीच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत. दिसायला दोन्ही एक, पण शोधायला गेलं तर ‘ॲड.’ एका नावात सापडतं, दुसऱ्यात नाही. पतसंस्थेच्या सभासद यादीत हे महागात पडतं.

म्हणून मी कन्व्हर्टर पारखण्यासाठी एक शब्दांची ओळ ठेवली आहे : आचाऱ्यांना, धर्मांध, वैशिष्ट्य, त्र्यंबक, हृदय, क्लृप्ती, किर्र, ॲड. ही ओळ जुन्या फाँटमध्ये टाइप करा, कन्व्हर्टरमधून काढा आणि मोठ्याने वाचा. एकही शब्द अडला तरी दुसरा कन्व्हर्टर बघा.

मालकांनी कोरलड्रॉचं विचारलं, प्रत्येक प्रेसवाला विचारतो. कोरलने २००० साली कोरलड्रॉ ९ खास लिनक्ससाठी काढलं होतं, पण ते टिकलं नाही. आज इंकस्केप कोरलच्या फाइली उघडतो. साधी पत्रिका नीट येते. सावल्या नि जाळ्यांची गर्दी असली तर पुन्हा मांडावी लागते. पेजमेकरच्या ६ आणि ७ आवृत्तीच्या फाइली लिबरऑफिस २०१५ पासून उघडतो, म्हणजे त्यातला मजकूर बाहेर काढता येतो. मांडणीवर विसंबू नका. पानं लावायला स्क्रायबस आहे. देवनागरी जोडाक्षरं तो नीट मांडायला लागला तो त्याच्या १.५ मालिकेपासून. ते काम ओमानमधल्या एका गटाने अरबीसाठी हाती घेतलं होतं, देवनागरीलाही त्याचा फायदा झाला. २०२४ च्या १ जानेवारीला त्याची १.६ ही स्थिर आवृत्ती आली. प्लेटसाठी पीडीएफच लागते, ती तो चांगली देतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचं टोकन यांवर मी स्वतंत्र लिहीन.

बोटांचं मात्र आजच सांगायला हवं. ताई रेमिंग्टनवर शिकल्या, मिनिटाला तीसची परीक्षा देऊन आल्या. त्यांचं बोट वेलांटी आधी मारतं, क नंतर. इन्स्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. बावीस वर्षांच्या हाताला हे सांगणं सोपं नाही. मिंटमध्ये आयबस आणि एम-१७-एन बसवलं की हिंदीच्या यादीत रेमिंग्टन मिळतो, तो लावून दिला. पण तासाभराने त्यांनीच इन्स्क्रिप्ट मागितला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ही मांडणी त्यांना पटली. की-बोर्डचा तक्ता त्यांनी वहीत स्वतः काढून घेतला. एका प्रणालीवरून दुसरीवर जायला लागणारा खरा वेळ इथे जातो, आणि मालकाने तो द्यायला हवा. पहिले दोन महिने ताईंचा वेग निम्मा होईल. लग्नसराईच्या तोंडावर हा बदल करणारा मालक शेवटी लिनक्सला नावं ठेवेल.

तर आम्ही ठरवलं ते असं. डाँगलवालं यंत्र तसंच ठेवायचं, विंडोजसकट. फक्त त्याची इंटरनेटची वायर काढायची. जुनी फाइल मागणारा गिऱ्हाईक आला की ती तिथेच उघडायची. दर वर्षी परत येणारं मॅटर, म्हणजे तीन पतसंस्थांचे अहवाल, दोन शाळा आणि पत्रिकांचे ठरलेले मजकूर, तेवढंच युनिकोडमध्ये आणायचं आणि प्रूफ वाचूनच. बाकी जुन्या कामांच्या पीडीएफ करून ठेवायच्या. त्यातून मजकूर उचलता येणार नाही, पण रूप राहील. नवं प्रत्येक काम मात्र आजपासून युनिकोडमध्येच, मग यंत्र कुठलंही असो. मधल्या यंत्रावर काही दिवस विंडोज आणि मिंट शेजारी-शेजारी, आणि तिसरं यंत्र पूर्ण मिंटचं.

मराठी वळणाच्या ल आणि श चाही प्रश्न निघाला. मिंटमध्ये ते हिंदी वळणाचे दिसत होते. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली आणि नोटो फाँटमध्ये दोन्ही अक्षरं आपल्या वळणाची झाली. राज्य मराठी विकास संस्थेने करून घेतलेले यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फाँटही बसवून दिले. ताईंनी ‘शाळेचा लौकिक’ हे शब्द मोठ्या टायपात टाइप केले, पान छापून घेतलं आणि प्रूफाच्या तारेला अडकवलं.

पार्टिशनच्या लेखासाठी एक बाहेरची हार्ड डिस्क लागेल. ती या आठवड्यात मिळवून ठेवा, आणि त्यावर कागदपत्रांसोबत फाँटचं फोल्डरही उतरवून घ्या.