पडद्यावरचा पसारा

गेल्या रमजानमधली गोष्ट. आमच्या अकरा जणांच्या गटातील एका भगिनीने सहरीच्या वेळी कार्यालयाच्या स्लॅकवर एका ओळीचा निरोप टाकला होता : अब्बांना रात्री दवाखान्यात दाखल केले आहे, आज कामावर येता येणार नाही. त्या निरोपाच्या वर एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाचा केक होता. खाली नाचणारी मांजर, टाळ्या, फुगे आणि कोणीतरी पाठवलेल्या बातमीचे भलेमोठे चित्र. आम्ही सगळ्यांनी सकाळी स्लॅक उघडले, केकवर बदाम ठेवले आणि पुढे सरकलो. जोहरनंतर आमच्यातल्या एकाने त्या भगिनीला फोन लावून जरा कडक आवाजातच विचारले, "आज आला नाहीत, निदान कळवायचे तरी!"

पलीकडून उत्तर आले, "पहाटेच कळवले होते."

निरोप कोणी लपवला नव्हता. तो डोळ्यांसमोर होता. पण डोळा आधी हलणाऱ्या आणि रंगीत वस्तूकडे जातो, साध्या काळ्या ओळीकडे नंतर, आणि अनेकदा जातच नाही.

ज्यांच्या घरात कोणी स्लॅक वापरत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे कार्यालयांचे व्हॉट्सॲप म्हणा. एका संगणकीय खेळावर काम करणाऱ्या कंपनीने ते आपल्या आपसातील बोलण्यासाठी तयार केले. खेळ बंद पडला, हे साधन मात्र 2014 पासून जगभर पसरले. प्रत्येक कामाची वेगळी खोली असते, तिला चॅनल म्हणतात. आमच्याकडे अशा तीसेक खोल्या झाल्या होत्या, त्यातल्या निम्म्या कोणी आणि का उघडल्या हे आठवतही नव्हते.

त्या आठवड्यात आम्ही आवराआवर केली. संगणकावर स्लॅकच्या प्रेफरन्सेसमध्ये गेलो. ॲक्सेसिबिलिटीत हलणारी चित्रे आणि इमोजी आपोआप चालू होण्याची सोय आहे, ती बंद केली. सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडला. पाठवलेल्या दुव्याखाली त्या संकेतस्थळाचे चित्र आणि मजकूर उलगडतो, तोही बंद केला. हवा असेल तर दुवा उघडून पाहता येतोच. मांडणी क्लीनऐवजी कॉम्पॅक्ट केली, म्हणजे ओळी जवळ येतात आणि एका नजरेत जास्त निरोप मावतात. काहींना ती दाटीवाटीची वाटली, त्यांनी परत पहिलीच ठेवली. एखाद्या चॅनलमध्ये आधीच चित्रांचा ढीग असेल तर लिहायच्या चौकटीत तिरकी रेघ देऊन कोलॅप्स हा इंग्रजी शब्द टाइप केला की सगळी चित्रे मिटतात.

वाढदिवसांसाठी आम्ही वेगळे चॅनल केले. आणि एका विषयाचे उत्तर त्याच निरोपाखालच्या थ्रेडमध्ये द्यायचे ठरवले. हे शेवटचे सगळ्यात अवघड गेले. सवय जात नाही.

खरी अडचण तांत्रिक नव्हतीच. वाढदिवसाचे चॅनल म्यूट केले तर समोरच्याला वाईट वाटेल, असे आमच्यातल्या दोघांना वाटत होते. तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने बुखारी शरीफमधील प्रसंग सांगितला. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नक्षी असलेली चादर पांघरून नमाज अदा केली. नमाजमध्ये एकदा नजर त्या नक्षीकडे गेली. नमाज संपताच त्यांनी ती चादर अबू जहम (रजि.) यांच्याकडे पाठवली आणि त्यांची साधी चादर मागवून घेतली. नक्षीदार चादर अबू जहम यांनीच भेट दिलेली होती. भेट परत येताना त्यांचे मन दुखावू नये म्हणून त्यांच्याकडूनच दुसरी मागितली, असे विद्वान स्पष्ट करतात.

कुठे नमाज आणि कुठे कार्यालयाचे ॲप, हे आम्हीही जाणतो. पण चादर दूर करणे आणि माणूस दूर करणे यातला फरक आम्हाला तिथे दिसला. स्लॅकवर म्यूट केलेले चॅनल फक्त आपल्या यादीत फिकट होते. दुसऱ्याला ते कळत नाही. तिथे कोणी आपले नाव घेऊन हाक मारली तर खूण दिसतेच. वाढदिवसाच्या शुभेच्छा दुपारच्या चहाला समोरासमोर देता येतात.

शाळेच्या किंवा मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटावर वाचक भगिनींना हाच त्रास होत असेल. तिथेही चित्रे आपोआप डाउनलोड होणे बंद करता येते, गट अर्काइव्हमध्ये ठेवता येतो. तीस जणांनी "ठीक आहे सर" लिहिण्याऐवजी निरोपावर बोट दाबून धरून अंगठा ठेवला तरी चालते. सूचनांचा गट असेल तर फक्त ॲडमिनने लिहावे अशी सोय आहे. ती वापरणारे ॲडमिन मात्र क्वचितच भेटतात.

ईदनंतर त्या भगिनी कामावर रुजू झाल्या. त्याआधीच त्यांनी एक ओळ लिहिली होती : अल्हम्दुलिल्लाह, अब्बा घरी आले. पाच मिनिटांत अकरापैकी नऊ जणांचे उत्तर गेले. सगळी उत्तरे थ्रेडमध्ये नव्हती, आणि त्या दिवशी कोणी कोणाला टोकलेही नाही.

आमच्यातला एकजण हलती मांजरे अजून चालूच ठेवतो. ती त्याच्याच पडद्यावर नाचतात.