घाम कुणाचा, पाणी कुणाचं?

नांगरटीत कुणी मागं पडलं, कुणाचा बैल गेला, घरात आजारपण आलं, की शेजारीपाजारी आपापले नांगर-बैल घेऊन त्याच्या रानात उतरत आणि दिवस मावळायच्या आत सगळं रान नांगरून देत. याला इर्जिक म्हणत. ज्याचं रान, त्यानं आलेल्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढंच त्याच्याकडे. मजुरी कुणी मागायचं नाही आणि उपकाराची भाषा कुणी करायची नाही, कारण पुढच्या वर्षी याचे बैल दुसऱ्याच्या रानात असणार, हे सगळ्यांनाच ठाऊक असे. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी एकत्र येऊन जोडी करत, ती सावड. भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं उतारावर भातखाचरं पाडतात तीही अशीच, आज याच्या रानात, उद्या त्याच्या. तिथला शब्द पडकई.

ट्रॅक्टर आला आणि यातले बरेचसे शब्द शब्दकोशात जाऊन बसले. आज मराठीत ‘स्वयंसेवक’ म्हटलं की संमेलनात छातीला बिल्ला लावून खुर्च्या मांडणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठीचं आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्तानं भाषणं होतील, प्रशस्तिपत्रकं वाटली जातील. महाराष्ट्रापुरता प्रश्न मात्र वेगळा आणि जुना आहे. फुकट दिलेल्या कष्टानं गाव सुधारतं हे इथं अनेकदा दिसलं आहे. पण त्या सुधारलेल्या गावातला सर्वांत गरीब माणूस कितपत सुधारतो?

या राज्याला श्रमदान कुणी शिकवायची गरज नव्हती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाच्या माणसानं खराटा हातात घेऊन ते गावोगाव पोचवलं. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करत. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून ग्रामसफाई आणि सामुदायिक श्रमाची शिस्त विदर्भात रुजवली. पुढं २००० साली राज्य सरकारनं गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेव्हा ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील स्वतः हातात झाडू घेऊन उतरले. सरकारी योजनेला लोकांच्या हातांची जोड मिळाली की काय होतं, ते त्या दोन-तीन वर्षांत दिसलं. बक्षिसाचा धनादेश वाटून झाल्यावर किती गावं पुन्हा होती तशी झाली, तेही दिसलं.

अलीकडची सर्वांत मोठी लाट पाण्याची. आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पाणी फाउंडेशननं २०१६ मध्ये वॉटर कप स्पर्धा सुरू केली ती तीन तालुक्यांत : वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. गावं होती ११६. दोनच वर्षांत तालुके ७५ झाले. पहिला कप कोरेगावातल्या वेळूनं नेला. दुसरा वर्धा जिल्ह्यातल्या काकडदऱ्यानं, कोलाम आदिवासींच्या एका लहानशा वस्तीनं.

या कामाचं चित्र जवळून पाहण्यासारखं असे. एप्रिलची सकाळ, ऊन अजून डोंगराआड. माळावर दोघं जण दोन काठ्या धरून उभे, मधे पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडचं पाणी सारख्या खुणेवर येईपर्यंत एक जण वर-खाली सरकतो. आलं की तिथं फक्कीचा ठिपका. ठिपके जोडत गेलं की उतारावर नागमोडी पण एकाच पातळीतली रेघ उमटते आणि त्या रेघेवर चर खोदायचा. रेघ चुकली तर साठलेलं पाणी चराच्या एका टोकाला धावतं आणि पहिल्याच वळवात भराव फोडून निघून जातं. मग टिकावानं मुरूम फोडणारे, खोऱ्यानं घमेली भरणारे आणि घमेली हातोहात पुढं देणाऱ्यांची रांग. माती चराच्या खालच्या अंगालाच टाकायची. ती वरच्या अंगाला टाकली तर पावसात परत चरातच येते. शहरातून १ मेच्या महाश्रमदानाला आलेल्या उत्साही मंडळींना हे दर वर्षी नव्यानं सांगावं लागे.

स्पर्धेचं यश सिनेनटाच्या नावावर जमा करायची आपल्याकडे घाई असते. खरी ताकद प्रशिक्षणात आणि मोजपट्टीत होती. प्रत्येक गावातून काही स्त्री-पुरुष शिकून येत. पाणलोट म्हणजे काय, माथ्यापासून पायथ्याकडं काम का करायचं, हे त्यांना कळे. स्पर्धेच्या पंचेचाळीस दिवसांत काय खोदलं त्याचं माप घेतलं जाई. आणि खरं सांगायचं तर घनमीटरांचा हिशेब मांडला की मोठा वाटा जेसीबी-पोकलेनचा निघे. अनेक ठिकाणी भारतीय जैन संघटनेनं यंत्रं दिली आणि डिझेलसाठी गावानं वर्गणी काढली. श्रमदानाचं मोल मातीच्या ढिगाऱ्यात मोजू नये. एका पाटीला हात लावणारी दोन वैरी घरं पुढं ग्रामसभेत एकमेकांशी बोलतात, हे ते मोल. नाला कुठवर खोल करायचा यावर भूगर्भतज्ज्ञांनी घेतलेले आक्षेपही खरेच होते. उत्साहाच्या भरात काही ठिकाणी नको तेवढं खणलं गेलं.

आता त्या रांगेतली एक बाई पाहू. ऊसतोडीची टोळी एप्रिलमध्ये परतली, तशी ती गावात आली. पुढच्या हंगामाची उचल डोक्यावर आहे. नावावर जमीन नाही. महिनाभर ती पहाटे उठून चर खणायला येते, कारण सगळं गाव येतं आणि न आलं तर बरं दिसत नाही. पाऊस पडतो, चर भरतात, पाणी मुरतं आणि उताराखालच्या विहिरींना वर येतं. त्या विहिरी कुणाच्या? ज्यांची जमीन उताराखाली, त्यांच्या. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं, असाच आपल्याकडचा रिवाज. म्हणजे सर्वांत गरिबानं सर्वांत श्रीमंताच्या विहिरीला पाणी दान केलं. मजुरीचे दिवस वाढले तर तिला थोडा लाभ होतो, नाही असं नाही. पण गावानं तिच्या घामाचा हिशेब आधी मांडला नसेल, तर पुढच्या ऑक्टोबरला ती पुन्हा कोयता घेऊन ट्रकमध्ये बसते.

हा हिशेब मांडणारा माणूस महाराष्ट्रात होऊन गेला आहे. विलासराव साळुंखे हे पुण्याचे कारखानदार, इंजिनिअर. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं पाहून ते अस्वस्थ झाले आणि पुरंदर तालुक्यातल्या नायगावात मंदिराची सुमारे १६ हेक्टर जमीन भाड्यानं घेऊन त्यांनी प्रयोग मांडला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम पाहिले की आजही चकित व्हायला होतं. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, माणशी द्यायचं : डोई अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जायचा नाही. उसाला पाणी नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी आधी उभा करायचा. उसाच्या महाराष्ट्रात असा नियम करणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणंच. म्हणूनच बहुधा, पाणी पंचायतीचं कौतुक राज्यभर झालं आणि अनुकरण फार थोड्या ठिकाणी.

हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, पण ते बहुधा अर्धंच सांगितलं जातं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा हे गाव अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातलं बदनाम गाव होतं. बदली होऊन तिथं जाणं म्हणजे शिक्षा. नसबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री गावानं घेतली. डोंगरावर चर पडले, झाडं लागली. यात श्रमदान होतं तसा रोजगार हमीचा आणि आदर्श गाव योजनेचा पैसाही होता, हे सांगायचं राहून जातं. १९९५ मध्ये १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पुढं हा आकडा तीनवर आला. दिवसाला १५० लिटरच्या आसपास असलेलं दूध ४,००० लिटरपर्यंत गेलं. स्थलांतर करून गेलेली कुटुंबं परत आली.

दूध वाढलं कशानं? चराईबंदीनं. गुरं मोकाट सोडायची नाहीत, डोंगरावरचं गवत विळ्यानं कापून आणायचं. ज्याला जमीन नाही त्यालाही विळा चालवता येतो, दावणीला गाय बांधता येते. शिवाय शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळीला आवर आणि दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद. यंदा किती पाणी आहे आणि म्हणून कुठलं पीक घ्यायचं, हे ग्रामसभा ठरवते. हिवरे बाजारात चर खणले यापेक्षा चर भरल्यावर काय करायचं नाही हे ठरवलं, ही मोठी गोष्ट. इतर शेकडो गावांनी पहिलं केलं, दुसरं टाळलं.

शेजारच्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी हे या सगळ्यांचं थोरलं भावंड. सैन्यातून १९७५ मध्ये परतलेल्या अण्णा हजारे यांनी स्वतःच्या पैशानं यादवबाबांचं मंदिर दुरुस्त केलं आणि गाव जमवलं. तिथं दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिल्याचं अण्णांनी स्वतःच सांगितलेलं आहे. स्वेच्छेच्या कामात सक्ती कुठं शिरते आणि ‘न आलं तर बरं दिसत नाही’ ही तिची सौम्य आवृत्ती नव्हे का, हा प्रश्न आदर्श गावांच्या भक्तांना आवडत नाही. विचारायला मात्र हवा.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला रोजगार हमीचा आग्रह धरणारे वि. स. पागे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती; सुकडी खाऊन खडी फोडत होती. मागेल त्याला काम आणि कामाला दाम हा पाग्यांचा आग्रह. त्याचा १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ मध्ये देशानं तो उचलला. तोच चर, तोच मुरूम, तेच घमेलं. फरक एवढाच की इथं शनिवारी हजेरीपटावर अंगठा आणि हातात पैसे. भुकेल्या माणसाकडं श्रमदान मागणं हा आगाऊपणा आहे, हे महाराष्ट्राला कायद्यानं कळलेलं होतं. पोटभरल्यांनी श्रमदान करावं आणि पोट हातावर असणाऱ्याला हमीचं काम मिळावं, ही वाटणी चांगली. गरिबी हटायची असेल तर दोन्ही एकाच शिवारात लागतात.

पाण्यावरून आरोग्याकडे वळलं की चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य १९७० मध्ये जामखेडला आलं. शिकलेल्या परिचारिका खेड्यात मुक्काम करायला तयार होईनात, तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. बहुतेक निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, परत जाऊन गावात सांगायचं. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या हातून बाळंतपणं होऊ लागली. तिथं हजारी १७६ च्या घरात असलेला बालमृत्युदर दोन दशकांत वीस-पंचवीसच्या आसपास आला. आरोळ्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं. त्या बायकांना मिळालं ते गावातलं स्थान, आणि ते पिढीजात गरिबीवरचं फार मोलाचं औषध होतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत आरोग्यदूत बायका घडवल्या. घरी जन्मलेल्या बाळाचं वजन घेणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं हे त्या करू लागल्या. नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला आणि पुढं ती पद्धत देशानं आशा सेविकांकरवी स्वीकारली.

आणि इथंच स्वयंसेवेची दुखरी बाजू आहे. २००५ पासून उभी राहिलेली आशा कागदोपत्री स्वयंसेविका. पगार नाही, मोबदला; तोही बराचसा कामागणिक. दवाखान्यात बाळंतपण झालं की बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिनं घरी जायचं. पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ. पाड्यावर जायला एसटी नसेल तर पायी. या सहा भेटींचे मिळून ठरले २५० रुपये, म्हणजे एका फेरीला बेचाळीस रुपयेही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये आशांचा गौरव केला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या. ‘सेवा’ हा शब्द किमान वेतन टाळायला कामी येतो, तेव्हा स्वयंसेवा गरिबी कमी करत नाही, गरीब बाईच्या खर्चानं राज्य चालवते. आशांना कर्मचारी म्हणा, असं स्पष्ट म्हणायची वेळ केव्हाच येऊन गेली.

शहरी तरुणांचं काय? राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली ती ३७ विद्यापीठांत, ४०,००० विद्यार्थ्यांनिशी. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचा निवासी कॅम्प हा तिचा शिरस्ता. अनेकांच्या लेखी तो दहा गुणांचा आणि शेकोटीचा मामला. पण बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत मेच्या उन्हात घमेली उचललेली मुलं पुढं डॉक्टर, शिक्षक, अधिकारी झाली आणि त्यांतली बरीच पुन्हा गावांकडे वळली. आठ दिवसांच्या शिबिरातून गावाला फार काही मिळत नाही. मिळतं ते शिबिरार्थीला, आणि त्याचा परतावा वीस वर्षांनी येतो.

हा अंक हातात पडेल तेव्हा परतीचा पाऊस सरलेला असेल आणि गावोगाव रब्बीची पेरणी चाललेली असेल. १ मे रोजी फावडं घेऊन गेलेल्यांनी यंदा आणखी एक खेप करावी. ज्या शिवारात चर खणले तिथली पाण्याची ग्रामसभा कधी आहे ते सरपंचांना विचारावं, त्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसावं, आणि ताळेबंद वाचून झाला की भूमिहीनांचा वाटा कितवा, एवढंच विचारावं.