गोंगाटात दडलेला ठेका

हदगावात कुणी घराचा पत्ता विचारला की आता सरळ लोकेशन पाठवलं जातं. मोबाइलवर निळा ठिपका उमटतो. तो आला कसा, हे मोबाइल दाखवत नाही. ते दाखवतो बोटभर लांबीचा, स्वस्तातला एक यूएसबी डोंगल : आरटीएल-एसडीआर.

हा डोंगल मुळात संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनलेला. 2012च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आलं, की त्यातली चिप रेडिओलहरींची कच्ची मोजमापं सेकंदाला वीस लाखांहून अधिक वेळा घेऊन थेट संगणकाला देऊ शकते. मग उरलेला रेडिओ सॉफ्टवेअरमध्येच उभा करता येतो. ‘जीएनएसएस-एसडीआर’ हे स्पेनमध्ये घडलेलं मुक्त सॉफ्टवेअर जीपीएससाठी नेमकं तेच करतं.

जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. 1575.42 मेगाहर्ट्झवरचा त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीखाली बुडून जातो. पण प्रत्येक उपग्रहाचा 1023 घटकांचा ठरलेला कोड असतो आणि तो दर मिलिसेकंदाला पुन्हा येतो. आठवडी बाजाराच्या गलक्यातही ओळखीच्या भजनाचा ठेका कानाला सापडतो, तसं सॉफ्टवेअर हा कोड मागेपुढे सरकवत जुळवून पाहतं. जुळला, की सपाट आलेखातून एकच सुळका वर येतो. असे किमान चार उपग्रह धरले आणि त्यांचा सेकंदाला 50 बिटांनी येणारा संदेश उलगडला, की जागा आणि वेळ दोन्ही हाती लागतात.

अडचण उष्णतेची. चालू डोंगल तापतो, त्यातल्या स्फटिकाची वारंवारता सरकते. दहा लाखांत एका भागाची चूकही इथे 1575 हर्ट्झची होते. म्हणून तापमानातला बदल सांभाळून घेणारा स्फटिक असलेला डोंगल घ्यावा. गाडीवर लावतात तो चुंबकाचा जीपीएस अँटेना घराच्या पत्र्यावर, उघड्या आभाळाखाली ठेवावा. त्याला तारेतूनच वीज लागते. काही डोंगल ती पुरवतात.

भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शन प्रणालीचा एनव्हीएस-01 हा उपग्रह 29 मे 2023 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. तोही 1575.42 मेगाहर्ट्झ वापरतो आणि त्यात भारतात बनलेलं अणुघड्याळ आहे. हदगावातून त्याची दिशा पूर्वेची, उंची अंदाजे 28 अंश. मार्चअखेरीस सकाळी सव्वाआठला सूर्य असतो तेवढी.

हदगावच्या विज्ञान शिक्षकांनी डोंगलचा हा प्रयोग मुलांसमोर जरूर करावा. संगणक जुना असेल, तर मिनिटभराची मोजमापं फाइलमध्ये साठवून उलगडा नंतर सावकाश करता येतो.