दुर्बिणीतला चंद्र साऱ्या घराला!

गच्चीवर दुर्बीण लावली की पाहणाऱ्यांची रांग लागते, आणि प्रत्येकाला दिसते ते निराळेच. एकाला चंद्रावरची विवरे दिसतात, दुसऱ्याला नुसता काळोख, तर तिसऱ्याचा धक्का लागून चंद्रच पळालेला असतो! दुर्बिणीचे सुख एका वेळी एकालाच मिळते. परंतु घरातला मोबाइल फोन तिच्या डोळा लावायच्या भिंगाशी नीट जोडला, तर तेच दृश्य साऱ्या घराला पाहता येते आणि जपूनही ठेवता येते.

कल्पना काही आजची नव्हे. अमेरिकेतील जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० साली चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चंद्राचे छायाचित्र घेतले. त्याला सुमारे २० मिनिटे प्रकाश द्यावा लागला. फोनला सेकंदाचा अल्पसा अंश पुरतो. अडचण एकच, ती आपल्या हाताची. हात हलतो. म्हणून फोनला बैठक हवी, आणि ती घरी करता येते.

आधी दुर्बिणीचे एक गुपित समजून घेऊ. सूर्याकडे पाठ करून दुर्बीण उजळ आकाशाकडे धरा आणि हातभर दुरून तिच्या मागच्या भिंगाकडे पाहा. तेथे एक लहानशी तेजस्वी टिकली दिसेल. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनशक्तीने भागले की तिचा आकार मिळतो. १० पट मोठे दाखवणाऱ्या ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीत तो ५ मिलिमीटर येतो. आता भिंगामागे पांढरा कागद धरून मागेपुढे करा. टिकली जेथे सर्वांत लहान आणि रेखीव दिसेल, तेथेच फोनचे भिंग यायला हवे. साध्या दुर्बिणीत हे अंतर बहुधा १० ते २० मिलिमीटर असते. बंदुकीवरच्या दुर्बिणीत मात्र ते मुद्दाम तीन-चार इंच ठेवतात. नाहीतर बार उडताच मागे येणारी बंदूक नेमबाजाची भुवई फोडील! त्यामुळे तिची बैठकही तितकीच लांब लागते.

आता कामाला लागू. दुर्बिणीच्या मागच्या नळीभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजा आणि त्याला ३.१४ ने भागा. या व्यासावर सैलसर बसेल असा पीव्हीसी पाइपाचा तुकडा घ्या. त्याला आतून काळा रंग द्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा, म्हणजे पकड येईल. फोनपेक्षा किंचित मोठ्या पातळ प्लायवुडला मध्ये भोक पाडून पाइप त्यावर पक्का चिकटवा. प्लायची जाडीही अंतरात धरायला विसरू नका. दुसऱ्या बाजूला फोन ठेवून दोन रुंद रबरबँडांनी बांधा. पडद्यावर प्रकाशाचे वर्तुळ बरोबर मध्यभागी येईपर्यंत फोन सरकवा आणि मग त्याच्या कडांना लाकडी पट्ट्या चिकटवून जागा कायम करा. पुढच्या वेळी जुळवाजुळव करावी लागणार नाही.

दुर्बीण ट्रायपॉडवर घट्ट बसवा. मागे फोनचे ओझे वाढल्याने ती कलेल, तेव्हा पुढे वाळूची लहान पुरचुंडी बांधा. पडद्यावरच्या चंद्रावर बोट ठेवून प्रकाश कमी करा, नाहीतर तो पांढऱ्या बत्ताशासारखा दिसेल. बटण दाबताना यंत्र हलते, म्हणून टायमर लावा किंवा सरळ चलच्चित्र घ्या. फार मोठे दाखवणारी दुर्बीण असेल तर चपळाई हवी, कारण चंद्र स्वतःच्या व्यासाएवढे अंतर सुमारे २ मिनिटांत सरकतो.

एक गोष्ट मात्र मुलांना बजावून सांगा : दुर्बीण सूर्याकडे कदापि वळवायची नाही. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि फोनही जळू शकतो. दिवसा ती पेटीत बंद असलेली बरी.

मुहूर्त? तो दिवाळीतच आहे. लक्ष्मीपूजनाला चंद्र नसतो आणि भाऊबीजेची कोर लवकर मावळते. पण कार्तिक शुद्ध पंचमीपासून अष्टमीपर्यंत उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि डोंगर उठून दिसतात. त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र देखणा खरा, पण सावल्यांवाचून सपाट वाटतो. रोज एक याप्रमाणे चित्रे घेत गेलात, तर गुडघ्यांमुळे जिना न चढू शकणाऱ्या आजीलाही पलंगावर बसल्या बसल्या चंद्राची वाढती कला पाहता येईल.