विश्लेषण : सेकंडहँड आलिशान सेडान घेतल्यावर आधी चमक की आधी तपासणी?

पाच-सात वर्षे वापरलेली मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडीची सेडान अनेकदा नव्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीच्या किमतीत मिळते. साहजिकच, आयुष्यातील पहिली आलिशान गाडी सेकंडहँड घेण्याचा मोह अनेकांना होतो. गाडी दारात आली, की पहिला फोन जातो डिटेलिंगवाल्याला. फोमवॉश, पॉलिश, सिरॅमिक कोटिंग उरकले, की गाडी ‘नव्यासारखी’ दिसू लागते. मात्र अशा गाडीत पैसे बुडतात ते गालिच्याखाली साचलेल्या पाण्यामुळे, वर्षानुवर्षे न बदललेल्या तेलामुळे आणि चुकीच्या बॅटरीमुळे. त्यामुळे जुन्या आलिशान गाडीची सफाई हीच तिची पहिली तपासणी असते आणि तिचा क्रम महत्त्वाचा असतो.

गाडी स्वस्त झाली, तरी देखभाल महाग का?

गाडीची किंमत वयानुसार घसरते, सुट्या भागांची घसरत नाही. विम्याच्या प्रचलित तक्त्यानुसार चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीचे विमामूल्य मूळ किमतीच्या निम्मे धरले जाते. पण त्याच गाडीचा हेडलाइट, एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर किंवा गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट बदलायचा झाल्यास दर लागतो तो ५० लाखांच्या गाडीचाच. २० लाखांत घेतलेली गाडी २० लाखांच्या गाडीच्या खर्चात चालत नाही, ती यामुळे. म्हणून व्यवहार ठरवतानाच किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते.

पहिल्या आठवड्यात काय करावे?

सर्वांत आधी स्कॅन. स्टिअरिंगखाली, चालकाच्या पायांजवळ १६ पिनांचा ओबीडी पोर्ट असतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाशी संबंधित दोष वाचतात. गिअरबॉक्स, एअरबॅग, एबीएस, एअर सस्पेन्शन यांची माहिती मिळवण्यासाठी त्या ब्रँडचे स्कॅनर असलेले गॅरेज गाठावे लागते. आधी सर्व दोषांची नोंद घ्यावी, मग ते पुसावेत आणि आठवडाभर गाडी चालवून पुन्हा स्कॅन करावे. जे दोष परत येतात, ते खरे.

विक्रीपूर्वी दोष पुसून टाकले होते का, याचाही सुगावा इथे लागतो. दोष पुसले की इंजिनाच्या स्वयंतपासण्या काही काळ ‘अपूर्ण’ दिसतात. रोज वापरात असलेल्या गाडीत त्या अपूर्ण का, हे विक्रेत्याला विचारायला हवे. काही गाड्यांत चाललेल्या किलोमीटरची नोंद एकाहून अधिक मॉड्यूलमध्ये असते. ती ओडोमीटरशी जुळत नसेल, तर आकडा फिरवलेला असण्याची शक्यता असते.

दुसरे काम रिकॉलचे. गाडीचा १७ अक्षरी चासी क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून प्रलंबित रिकॉल आहे का, हे तपासता येते. टकाटा एअरबॅगचे प्रकरण यासाठी लक्षात ठेवावे. त्यातील रसायन उष्णता आणि दमट हवेत कालांतराने बिघडते व एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात, हे उघड झाल्यावर जगभरातील अनेक ब्रँडच्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मुंबई-कोकणासारख्या हवेत वाढलेल्या गाडीसाठी ही तपासणी टाळू नये. रिकॉलचे काम मोफत होते.

तिसरी सफाई डिजिटल. आधीच्या मालकाचे फोन, घराचा पत्ता, मोबाइल अॅपचे खाते गाडीत तसेच राहिलेले असते. काही गाड्यांत त्या अॅपवरून गाडीचे ठिकाण दिसते आणि दारेही उघडता येतात. फॅक्टरी रीसेट करून जुने खाते काढून टाकावे. दुसरी चावी मिळाली नसेल, तर ती सिस्टीममधून रद्द करून घ्यावी.

‘आजीवन’ तेल खरोखर आजीवन असते का?

काही उत्पादक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ‘लाइफटाइम’ असल्याचे सांगतात. पण बीएमडब्ल्यूसह अनेक ब्रँडना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनंतर तेल बदलण्याची शिफारस करते. पहिल्या मालकाने गाडी पाच वर्षांत विकली, तर हा खर्च त्याच्या वाट्याला येतच नाही. तो दुसऱ्या मालकाची वाट पाहत असतो. यातील अनेक गिअरबॉक्समध्ये तेलाची टाकी आणि फिल्टर एकत्रच येतात, त्यामुळे नुसते तेल ओतून काम भागत नाही.

इंजिन ऑइल घेताना ‘५डब्ल्यू-३०’ एवढेच पाहणे पुरेसे नाही. डब्यावर त्या कंपनीचा मान्यता क्रमांक हवा. डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असेल, तर कमी राख करणारे तेलच लागते. चुकीच्या तेलाने हा महागडा फिल्टर लवकर भरतो. शिवाय रोज तीन-चार किलोमीटर अंतर गर्दीत चालणाऱ्या डिझेल गाडीत ही काजळी जाळण्याइतके तापमानच गाठले जात नाही. अशी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग चालवावी लागते. ज्यांचा वापर फक्त शहरातला आहे, त्यांनी पेट्रोल गाडीचा विचार करणे बरे.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून गाडी कमी चालली असली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. कूलंटमध्ये नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी घालू नये. क्षारांमुळे रेडिएटरच्या नळ्या आतून भरत जातात. वेगवेगळ्या रंगांची कूलंट एकमेकांत मिसळणेही टाळावे.

पाणी गाडीत शिरते कुठून?

सनरूफ पूर्ण जलरोधक नसते. त्याच्या कडेने आत आलेले पाणी पन्हळीत जमून बारीक नळ्यांवाटे गाडीखाली जावे, अशी रचना असते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत या नळ्या पाने, माती आणि धुळीने तुंबतात. मग पहिल्याच मोठ्या पावसात पाणी छताच्या कापडातून किंवा खांबातून उतरून गालिच्याखाली साचते. अनेक जर्मन सेडानमध्ये सीटखाली, गालिच्याखाली किंवा डिकीत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणि वायरिंगचे जोड असतात. वर गालिचा कोरडा दिसतो, खाली फोम भिजलेला असतो.

यावरचा उपाय साधा आहे. मे महिन्यात सनरूफ उघडून कोपऱ्यातील छिद्रात ग्लासभर पाणी हळूहळू ओतावे. ते गाडीखाली वाहिले, तर नळी मोकळी आहे. तुंबली असल्यास मऊ नायलॉनची दोरी हलक्या हाताने घालावी. जोरदार हवेच्या दाबाने नळी आतल्या आत जोडातून निसटू शकते. वायपरखालच्या खाचेतील पानेही काढावीत. तेथील पाणी तुंबले तर ते केबिनच्या ब्लोअरपर्यंत पोहोचते.

इंजिनाच्या भागावर प्रेशर वॉशर मात्र मारू देऊ नये. तिथे ओलसर फडके आणि ब्रश पुरेसा असतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, तेलाचे ओघळ, फुगलेले रबरी पाइप हे सारे हाताने पुसतानाच दिसते.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखावी?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१५ मध्ये चेन्नई, तर २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेले. अशा पुरांनंतर विमा कंपन्यांनी निकाली काढलेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात आणि त्यातील काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात. वरची सफाई उत्तम असली, तरी काही जागा लपवता येत नाहीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की त्याच्या टोकाला गाळाची रेषा दिसते. सीटचे रूळ आणि सीटखालचे बोल्ट गंजलेले असतात. स्टेपनीच्या खड्ड्यात किंवा गालिच्याखाली बारीक माती सापडते. केबिनमध्ये गरजेपेक्षा जास्त सुगंध दरवळत असेल, तर तो नेमका कशासाठी मारला आहे, ही शंका घ्यावी. गाडीवर पूर्वी विम्याचा मोठा दावा झाला होता का, हेही तपासावे.

आतील सफाई कशी करावी?

आधी कोरडी, मग ओली. व्हॅक्यूम न करता ओले फडके फिरवले, तर धूळ चामड्याच्या शिवणीत जाऊन बसते. आजच्या गाड्यांतील चामड्यावर रंगाचा पातळ संरक्षक थर असतो आणि अनेक सीट तर चामड्याच्या नसून कृत्रिम असतात. दोन्हींसाठी सौम्य क्लीनर, मऊ ब्रश आणि मायक्रोफायबर कापड पुरेसे आहे. चकचकीत करणारे तेलकट पॉलिश टाळावे. स्टिअरिंगवरची चमक ही बहुतेकदा हाताच्या तेलाची असते. साफ केल्यावर ते मॅटच दिसायला हवे. छिद्रे असलेल्या सीटवर द्रव थेट फवारू नये, कारण खाली पंखे आणि सेन्सर असतात.

एसीचा कोंदट वास परफ्यूमने जात नाही. तो ओलसर कॉइलवरील बुरशीचा असतो. केबिन फिल्टर बदलून कॉइलची सफाई करून घ्यावी आणि मुक्कामाला पोहोचण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून फक्त ब्लोअर चालू ठेवावा.

बाहेरची चमक शेवटी का?

कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यात वरचा पारदर्शक थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. मशीन पॉलिश म्हणजे हाच थर थोडा घासून ओरखडे कमी करणे. प्रत्येक दिवाळीला पॉलिश केले, तर काही वर्षांत घासायला थरच उरत नाही. म्हणून आधी जाडी मोजून घ्यावी. एखाद्या दारावर हा आकडा इतरांच्या दुप्पट-तिप्पट आला, तर तिथे डेंटिंग-पेंटिंग झालेले आहे. सिरॅमिक कोटिंग ओरखडे घालवत नाही, उलट खाली असलेले दोष तसेच बंदिस्त करते. शिवाय गळतीच्या दुरुस्तीसाठी काच किंवा पत्रा उघडावा लागला, तर आधी केलेला खर्च वाया जातो.

सोसायटीत पहाटे एकाच बादलीने आणि एकाच फडक्याने २०-२५ गाड्या पुसल्या जातात. आधीच्या गाडीची वाळू पुढच्या गाडीवर फिरते आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसू लागतात. दोष पुसणाऱ्याचा नाही, पद्धतीचा आहे. आपल्या गाडीसाठी वेगळी कापडे आणि दोन बादल्या, एक साबणाची व एक कापड खळबळण्याची, दिल्या की बराच फरक पडतो. धूळ असताना कोरडे पुसणे मात्र थांबवावे.

टायर आणि बॅटरीत काय पाहावे?

टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली, तरी जुने रबर कडक होते. अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये स्टेपनीऐवजी रनफ्लॅट टायर असतात. पंक्चर झाल्यावर ते साधारण ८० किलोमीटर अंतर, ताशी ८० किलोमीटर वेगापर्यंत चालतात. ते काढून साधे टायर बसवलेले असतील, तर गाडीत स्टेपनीही नाही आणि रनफ्लॅटही नाही, अशी स्थिती होते.

एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी एका कोपऱ्यात बसली आहे का, ते पाहावे. छोटी गळती वेळीच काढली नाही, तर सतत चालून कॉम्प्रेसरही निकामी होतो. बॅटरी बदलताना मूळची एजीएम असेल, तर तशीच घ्यावी. अनेक जर्मन गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने होत राहते.

कागदपत्रे आणि विम्याचे काय?

मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरताना प्रलंबित ई-चलन, कर्जाचा बोजा आणि पीयूसी तपासावे. खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवणे आवश्यक असते, तर विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. परराज्यातील गाडी स्वस्त दिसते. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथल्या अनेक गाड्या इतर राज्यांकडे वळल्या. पण महाराष्ट्रात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असल्यास नवी नोंदणी आणि इथला कर भरावा लागतो. सौदा करताना ही रक्कम किमतीत मिळवूनच तुलना करावी.

विम्याच्या दाव्यात रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. शून्य घसारा संरक्षणाला बहुधा वयाची मर्यादा असते, त्यामुळे ते मिळते का, हे गाडी घेण्यापूर्वी विचारावे. इंजिन संरक्षणही घ्यावे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला आणि सिलिंडरमध्ये पाणी गेले, तर साध्या पॉलिसीत तो दावा नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी बटण न दाबता टोइंग बोलावणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.